खोडावरचा चुना

रस्त्याच्या कडेच्या झाडाचे खोड कमरेइतके पांढरे असते, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. शाळेच्या आवारातला गुलमोहर, पोलीस ठाण्यासमोरचा वड, विश्रामगृहाच्या फाटकाशी असलेला अशोक, सगळ्यांच्या पायात पांढरे मोजे. उरूस जवळ आला की दर्ग्याच्या आवारातल्या चिंचेला चुना लागतो. शबे-बारातीच्या आधी कब्रस्तानाची साफसफाई होते, तेव्हा तिथल्या कडुनिंबालाही लागतो. इतक्या नेहमीच्या गोष्टीचा इतिहास मोठी माणसे विचारीत नाहीत. मुले विचारतात. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्या वर्गात हा प्रश्न निघाला तेव्हा मुलांनीच चार उत्तरे दिली. वाळवी लागू नये म्हणून. रात्री गाडीवाल्याला झाड दिसावे म्हणून. सरकारी झाड ओळखू यावे म्हणून. आणि मागच्या बाकावरून आलेले उत्तर, साहेब येणार म्हणून!

चारही उत्तरे बरोबर आहेत. मात्र प्रत्येक उत्तराचा काळ वेगळा आहे आणि त्यामागचा माणूसही वेगळा आहे. शेतकरी, प्रवासी, कारकून आणि हुजऱ्या, असे चार जण या एका पांढऱ्या पट्ट्यामागे उभे आहेत. त्यांची ओळख करून घेण्याआधी चुन्याची ओळख करून घेऊ.

चुनखडीचा दगड भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी टाकले की तो फसफसतो, वाफा निघतात, भांडे हात लावू नये इतके तापते. हा विरलेला चुना. तो पातळ करून भिंतीला लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा शोषून घेतो आणि हळूहळू पुन्हा दगड होतो. दगडापासून दगडापर्यंतचा हा प्रवास माणसाला हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. कोकणात चुनखडीऐवजी समुद्रातले शिंपले भाजून चुना करीत. आपल्या अनेक किल्ल्यांवर चुन्याची घाणी अजून दिसते. दगडी गोल चर आणि त्यात बैलाने फिरवायचे दगडी चाक. मुंबईतले चुनाभट्टी स्थानक भट्ट्यांचेच नाव घेऊन उभे आहे. लोणारी समाजाची तर चुना भाजणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची रोजीरोटी होती.

भाषेतही चुना मुरलेला आहे. फारसीत चुन्याच्या लेपाला ‘गच’ म्हणतात. मराठीतली गच्ची आणि ‘चुनेगच्ची बांधकाम’ हे शब्द त्याच घरातले. उर्दूत भिंतीला चुना देणे म्हणजे ‘सफेदी करणे’ किंवा ‘कलई करणे’. आणि ‘चुना लावणे’ म्हणजे काय, हे मराठी आणि उर्दू दोन्ही जाणणाऱ्या वाचकाला सांगायला नको! सतराव्या शतकातला औरंगाबादचा बीबी का मकबरा पाहा. संगमरवर मुख्यतः घुमटाला आणि खालच्या थोड्या भागाला आहे, बाकीचा शुभ्रपणा घोटलेल्या चुन्याचा आहे. बादशाही कबरीला आणि गरिबाच्या झोपडीला एकच वस्तू पांढरेपण देत होती. ती स्वस्त होती, गावात मिळत होती आणि ओली असताना इतकी तीव्र असते की बुरशी व किडे तिच्यात टिकत नाहीत. झाडाच्या खोडापर्यंत चुना पोचला तो या गुणांमुळे.

शेतकरी

खोडाला लेप देण्याची कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमन लेखक केटो याने शेतीवर ग्रंथ लिहिला. द्राक्षवेलीवरच्या अळीसाठी त्याने ऑलिव्ह तेलाचा गाळ, डांबरासारखा पदार्थ आणि गंधक एकत्र शिजवून वेलीच्या खोडाला माखायला सांगितले आहे. अळी वर चढते ती खोडावरून, म्हणून वाटेतच चौकी बसवायची, हा त्यातला साधा विचार. जगभरचे बागाईतदार आपापल्या परीने हेच करीत आले.

चुन्याला या कामात खरी प्रतिष्ठा मिळाली ती एका गमतीदार प्रसंगाने. फ्रान्समधल्या बोर्दो शहराजवळ मेदोक हा द्राक्षांचा प्रसिद्ध मुलूख आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या केवडा रोगाने तिथल्या बागा उजाड होऊ लागल्या होत्या. १८८२ साली वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे तिथून जात असता त्यांना दिसले की बागेच्या आतल्या वेलींची पाने झडली आहेत, पण रस्त्यालगतच्या वेली हिरव्यागार आहेत. चौकशी केली तेव्हा कळले की येणारे-जाणारे द्राक्षे तोडून खातात, म्हणून मालकांनी कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. निळसर पांढरे डाग पाहून माणसाला वाटावे की वेलीवर विष मारले आहे. चोरासाठी केलेला उपाय रोगाला लागू पडला होता. मिलार्दे यांनी रसायनशास्त्रज्ञ गायाँ यांच्या मदतीने प्रयोग केले आणि १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेच आजचे बोर्डो मिश्रण.

हे मिश्रण घट्ट केले की बोर्डो पेस्ट होते. विदर्भातल्या संत्रा बागाईतदाराला ती सांगावी लागत नाही. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत भिजवायचे आणि मग एकत्र करायचे. मोरचुदासाठी लोखंडी भांडे चालत नाही. मिश्रण तयार झाले की त्यात लोखंडी खिळा बुडवून पाहायचा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून घालायचा. विज्ञानाचा असा प्रयोग शेतकरी बांधावर करतो आणि आपण तो पुस्तकातून पाठ करून घेतो! पावसाळ्याच्या आधी आणि नंतर ही पेस्ट जमिनीपासून सुमारे एक मीटरपर्यंत खोडाला लावतात. संत्र्याच्या खोडातून डिंक वाहून झाड वाळवणारा जो डिंक्या रोग आहे, त्याची बुरशी पावसाच्या पाण्यातून आणि मातीच्या शिंतोड्यांतून खोडाच्या तळाला लागते. म्हणून लेपही तिथेच. बागेतल्या खोडाचा रंग निळसर दिसतो तो मोरचुदामुळे. रस्त्यावरचे खोड नुसते पांढरे, कारण तिथे नुसता चुना.

नुसता चुना काय करतो? एकटा चुना वाळवीला फारसा रोखू शकत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण पांढऱ्या पृष्ठभागावर वाळवीची मातीची नळी आणि खोडकिड्याने बाहेर टाकलेला भुसा लगेच दिसतो, आणि दिसलेल्या शत्रूवर इलाज करता येतो. दुसरे काम उन्हाचे. थंड मुलखात हिवाळ्यात दुपारचे ऊन खोडाच्या नैर्ऋत्य बाजूला लागते, साल तापते, आतल्या पेशी जाग्या होतात. सूर्य मावळताच कडाक्याची थंडी पडते, त्या पेशी गोठून मरतात आणि साल उभी फाटते. पांढरा रंग ऊन परतवतो, त्यामुळे दिवसा आणि रात्री यांतला फरक कमी होतो. युरोप, रशिया आणि चीनमध्ये हिवाळ्याच्या तोंडावर किंवा वसंताच्या सुरुवातीला खोडे रंगवतात ती यासाठी. आपल्याकडे बर्फ नाही, पण एप्रिल-मेचे ऊन आहे. नवीन लावलेल्या किंवा जोरात छाटलेल्या झाडाची कोवळी साल त्या उन्हात भाजते. वर्गात हे सहज दाखवता येते. दोन सारखे डबे घ्यावेत, एकाला चुना, दुसऱ्याला काजळी लावावी, पाणी भरून उन्हात ठेवावेत आणि तासाभराने तापमापी घालावी. मुलांना खोडाचे दुखणे हाताने कळते.

प्रवासी

रस्त्याच्या कडेला झाडे लावली गेली ती सावलीसाठी. सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात रस्त्यांवर वड लावल्याचा उल्लेख आहे, आणि सावली माणसांबरोबर जनावरांनाही मिळावी असे त्यात म्हटले आहे. शेरशाह सूरी (कारकीर्द १५४०–१५४५) याने सराया बांधल्या आणि रस्त्याच्या दुतर्फा फळझाडे लावली. जहांगीराने आग्र्यापासून अटक नदीपर्यंत आणि दुसरीकडे बंगालपर्यंत दुतर्फा झाडी लावायला सांगितले, कोसाकोसावर मिनार उभारायला सांगितले. दुतर्फा झाडांच्या वाटेला उर्दू-फारसीत ‘ख़ियाबान’ असा सुंदर शब्द आहे. इंग्रजी अमलात बांधकाम खात्याने हीच परंपरा चालवली आणि आपल्या रस्त्यांवर वड, आंबा, चिंच, कडुनिंब उभे राहिले.

या सगळ्या झाडांची रचना बैलाच्या आणि घोड्याच्या चालीसाठी होती. बैल झाडावर आदळत नाही. मोटार आली आणि सावली देणारे झाड रात्रीच्या प्रवाशाला धोका वाटू लागले. डांबरी रस्ता काळा, खोड काळे, दिवे मंद. रस्त्याची कड दाखवायची तर सर्वांत स्वस्त उपाय पांढरा रंग. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एडवर्ड हाइन्स यांनी १९११ मध्ये रस्त्याच्या मधोमध पांढरी रेघ आखायला सुरुवात केली. रेघेसाठी रस्ता पक्का लागतो, कडेच्या झाडासाठी फक्त बादली आणि कुंचला.

पांढऱ्या खोडाची खरी परीक्षा युद्धाने घेतली. १ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनमध्ये काळोखबंदी सुरू झाली. शत्रूच्या विमानांना शहर दिसू नये म्हणून रस्त्यावरचे दिवे बंद, खिडक्या झाकलेल्या, मोटारींचे दिवे जवळजवळ मिटलेले. विमाने यायच्या आधीच माणसे मरू लागली. सप्टेंबर १९३८ मध्ये रस्त्यांवर ५४४ मृत्यू झाले होते, सप्टेंबर १९३९ मध्ये ते १,१३० झाले. मग सरकारने आणि लोकांनी हातात चुना व रंग घेतला. पदपथाच्या कडा, दिव्यांचे खांब, मोटारींचे मडगार्ड आणि झाडांची खोडे पांढरी झाली. रात्री मोकाट फिरणाऱ्या गाईंच्या अंगावरही पांढरे पट्टे ओढल्याची छायाचित्रे आहेत. १९४० च्या फेब्रुवारीपासून रात्री वस्तीत ताशी २० मैलांची वेगमर्यादा आली. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना १९७१ च्या डिसेंबरातली मुंबईची काळोखबंदी आठवत असेल. काचांना चिकटवलेला काळा कागद आणि दिव्याचा अर्धा भाग काळा केलेल्या मोटारी. अंधारात पांढऱ्या रंगाची किंमत काय असते, हे त्या पिढीला समजावून सांगावे लागत नाही.

त्याच काळोखबंदीने पांढऱ्या खोडाचा वारसदारही पुढे आणला. यॉर्कशायरच्या पर्सी शॉ यांनी १९३४ मध्ये रस्त्यात बसवायच्या, दिवा पडताच चमकणाऱ्या काचेच्या ‘मांजरडोळ्यां’चे पेटंट घेतले होते. युद्धाच्या अंधारात त्यांचा प्रसार झाला. आज महामार्गावर चमकणारी बटणे, काचेचे बारीक मणी मिसळलेले पट्टे आणि परावर्तक फलक आहेत. दिव्याचा उजेड ते थेट चालकाच्या डोळ्याकडे परत पाठवतात. चुना उजेड चहूकडे विखुरतो. म्हणजे प्रवाशाच्या कामातून चुना जवळपास निवृत्त झाला आहे.

फ्रान्समध्ये हा प्रश्न वेगळ्या टोकाला गेला. तिथल्या राष्ट्रीय रस्त्यांवरच्या चिनारांच्या रांगा आणि त्यांच्या बुंध्यांवरचे पांढरे पट्टे ही त्या देशाची ओळख होती. ४ जानेवारी १९६० रोजी लेखक आल्बेर काम्यू ज्या मोटारीत होते ती अशाच एका चिनारावर आदळली आणि ते जागीच मरण पावले. अपघात वाढले तसा आवाज उठला की झाडेच तोडा. सरकारी परिपत्रकही निघाले. तेव्हा राष्ट्राध्यक्ष पाँपिदू यांनी १७ जुलै १९७० रोजी पंतप्रधानांना पत्र लिहून हरकत घेतली. सुरक्षिततेचे महत्त्व त्यांना मान्य होते, पण त्यासाठी देशाचे रूप बिघडवू नये असे त्यांचे म्हणणे होते. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाने रस्त्याकडेच्या झाडांसाठी वेळ काढावा, ही इतिहासाने नोंदवावी अशी गोष्ट आहे. झाड हलत नाही, गाडी हलते. मग गुन्हेगार कोण, हा प्रश्न त्या पत्राने उभा केला.

कारकून आणि हुजऱ्या

तिसरे उत्तर होते सरकारी झाड ओळखू यावे म्हणून. आपल्या रस्त्यांवर पांढऱ्या पट्ट्याला जोडून गेरूचा तांबडा पट्टा असतो आणि अनेकदा वर आकडा लिहिलेला असतो. हा आकडा महत्त्वाचा. आंब्या-चिंचेच्या फळांचा लिलाव करायचा, वाळलेली फांदी कोणाची ते ठरवायचे, रातोरात झाड नाहीसे झाले तर पंचनामा करायचा, तर झाडाला ओळख हवी. महाराष्ट्रात झाडे तोडण्यावर नियमन आणणारा कायदा १९६४ मध्ये आला. शहरांसाठी १९७५ मध्ये नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा व जतनाचा अधिनियम आला. त्यानुसार वृक्ष प्राधिकरण नेमायचे, ठरावीक मुदतीने वृक्षगणना करायची आणि परवानगीशिवाय झाड तोडायचे नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. पांढरा पट्टा म्हणजे झाडाचे शिधापत्रिकेवरचे नाव. नाव असले की निदान विचारणा होते.

चौथे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. छावण्यांच्या शिस्तीत तपासणी आली की दगड, कठडे, खोडे सगळे पांढरे व्हायचे. तीच सवय कचेऱ्यांना लागली आणि शाळांनाही. पाहुणे येणार म्हटले की रस्त्यावरचा खड्डा राहतो, पण झाड मात्र धुतल्या तांदळासारखे होते. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी कुंचला मुलांच्या हातात येतो. श्रमदान चांगलेच, पण कळीचा चुना विरताना डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाऊ शकते. ते काम मोठ्यांनी करावे. मुलांना झाड दाखवावे, त्याचे नाव सांगावे, त्याला मिठी मारून घेर मोजायला लावावा.

पट्ट्याखालचे झाड

शेतकऱ्याचा चुना, प्रवाशाचा चुना, कारकुनाचा चुना आणि हुजऱ्याचा चुना दिसायला एकच. फरक पडतो तो झाडाला. चुना पावसात उतरतो आणि झाडाला श्वास घेऊ देतो. हल्ली चुन्याऐवजी सरळ तैलरंग फासतात, कारण तो वर्षभर चमकतो. झाडाच्या सालीवर बारीक रंध्रे असतात, त्यांतून आतल्या पेशींना हवा मिळते. तैलरंगाने ती बुजतात. त्याच खोडाभोवती सिमेंटचा ओटा आवळलेला असतो, पाणी मुरायला वीतभर माती नसते आणि पांढऱ्या पट्ट्यावर जाहिरातीच्या पाट्या खिळ्यांनी ठोकलेल्या असतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला आणि त्यांवरच्या पाट्या व तारा हटवायला सांगितले. ही गरज प्रत्येक गावात आहे.

याहून मोठी गोष्ट आकड्याची आहे. ज्या आकड्याने झाडाला ओळख दिली, तोच आकडा रस्ता रुंद होताना तोडायच्या यादीत चढतो. आमच्या पिढीने महाराष्ट्रात हे डोळ्यांदेखत पाहिले. सावलीने झाकलेले रस्ते उघडे झाले, वडांचे बुंधे ट्रकमध्ये गेले आणि दुभाजकात कण्हेर लागली. पण यादी म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, हेही आपण पाहिले. २०२० मध्ये सांगली जिल्ह्यात मिरज तालुक्यातल्या भोसे गावी सुमारे चारशे वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड येत होता. लोक झाडाभोवती उभे राहिले, आवाज मुंबई-दिल्लीपर्यंत गेला आणि त्या वेळी रस्त्याची आखणी बदलण्यात आली. चुन्याच्या पट्ट्याने ते झाड वाचवले नाही, माणसांनी वाचवले.

आम्हाला या इतिहासातून एवढेच समजते की खोडावर रंग चढवणे हा जबाबदारीचा करार आहे. मेदोकच्या द्राक्षवाल्याने रंग दिला कारण वेल त्याची होती. लंडनच्या नागरिकाने दिला कारण अंधारात जाणारा शेजारी त्याचा होता. आपल्या मोहल्ल्यातल्या, शाळेतल्या, कब्रस्तानातल्या झाडाला चुना देताना पहिल्यांदा ओट्याचे सिमेंट फोडून हातभर माती मोकळी करावी, खिळे उपटावेत, तैलरंगाचा डबा परत करावा आणि झाडाचा आकडा वहीत लिहून ठेवावा. उद्या तो आकडा एखाद्या नोटिशीत दिसला, तर हरकत कोणत्या झाडासाठी घ्यायची हे आपल्याला ठाऊक असेल. हरकत घेण्याची मुदत थोडी असते. वही तयार असलेली बरी.